चंदनचं अंथरूण

शमीम,

तुला नेऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा तबेल्याचे मालक चंदनच्या ठाणापाशी येऊन उभे राहिले. हात मागे बांधलेले, मान खाली. तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले, बरे बोलले. मग ठाणाच्या आत बघत म्हणाले, "मैडम, ये सब निकलवा दूँ? नीचे तक साफ करके नया बिछा देंगे. आपको भी अच्छा लगेगा."

मी म्हणाले, "बिल्कुल नहीं. होली तक रहेगा."

ते मान डोलावून गेले आणि मी दाताळं हातात धरून तशीच उभी राहिले. हे वाक्य माझं नव्हतंच. दर हिवाळ्यात तू ते मला ऐकवायचीस आणि दर हिवाळ्यात मी त्यावर भांडायचे. घोड्याखालचं सगळं रोज उपसून काढावं, विटांची फरशी धुवावी, वाळवावी आणि मग कोरडं पसरावं, असं माझं म्हणणं. तुझं म्हणणं, थंडीत खालच्या थराला हात लावायचा नाही. वरची लीद आणि ओलं तेवढं उचलायचं, वर नवा पेंढा घालायचा, आणि होळीला एकदाच सगळं बाहेर काढायचं. कुणाला सांगितलं तर हसेल. दोन शिकल्या-सवरलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं एका घोड्याच्या अंथरुणावरून भांडत होत्या.

आणि घोडा तरी कसला. नाव चंदन, रंग पांढरा शुभ्र, आणि सगळ्या तबेल्यात त्याच्याइतका घाणेरडा दुसरा नाही. बाकीचे घोडे एक कोपरा धरतात, तिथेच सगळं उरकतात आणि दुसरीकडे झोपतात. हा रात्रभर ठाणात गोल गोल फिरणार, लीद तुडवून पेंढ्यात कालवणार, ऐन मधोमध मुतणार आणि मग तिथेच अंग टाकणार. सकाळी बघावं तर मागच्या पुठ्ठ्यावर हिरवा-पिवळा नकाशा, शेपटीत गोळे, आणि चेहरा असा की जणू शेजारच्यानेच येऊन हे केलंय. पाण्याच्या बादलीत तोंडातला पेंढा भिजवायची त्याची सवय तर वेगळीच. रामअवतार, घोड्यांची निगा राखणारा आपला साईस, त्याच्या ठाणाकडे शेवटी जायचा. "इसका तो दीदी, भगवान ही मालिक है," म्हणायचा.

तुझी नि माझी ओळख त्याच्यामुळे झाली नाही, मुलांमुळे झाली. माझा निनाद आणि तुझी सना, दोघं गुडगावच्या पुढच्या त्या तबेल्यात घोडेस्वारी शिकायला यायची. आपण कुंपणाला टेकून उभ्या असायचो. मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते, आणि तू बाजूने म्हणालीस, "तुम्ही बुरादा म्हणालात. मराठीत त्याला भुसा म्हणतात." मी चिडलेच होते. मी दिल्लीत जन्मलेली, माझं मराठी घरातल्या चार खोल्यांत वाढलेलं. माझे निम्मे शब्द केव्हाच हिंदीने नेले होते. तू मिरजेची. यूपीएससी करायला म्हणून आलीस, करोल बागेतल्या एका खिडकी नसलेल्या खोलीत अभ्यास केलास, परीक्षा हुकली, आणि सरकारी कार्यालयात अनुवादक म्हणून लागलीस ती इथलीच झालीस. पण तुझ्यापाशी सगळे शब्द शाबूत होते. ठाण, दाताळं, पुठ्ठा, उकिरडा. माझ्या तोंडात आज हे शब्द आहेत ते तुझे आहेत.

मग मुलं मोठी झाली, घोडेस्वारी सोडून गेली. आणि आपण दोघी तिथेच राहिलो.

खरं तर त्या वर्षी तू यायचं बंदच केलं होतंस. सनाचे अब्बा गेले होते. सना शिकायला पुण्याला. मी एकदा तुझ्या घरी आले तर दुपारी पडदे ओढलेले आणि तू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेली. जेवलीस का विचारलं तर म्हणालीस, "आठवत नाही." मी तुला जवळजवळ ओढत गाडीत घातलं. कुठे न्यायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून तबेल्यात नेलं. त्या दिवशी तिथे चंदनला कुठेतरी पाठवून द्यायचं चाललं होतं. पोलोतून निवृत्त झालेला, कुणाला पाठीवर बसू देत नाही, आणि त्याच्या ठाणाला इतरांच्या दुप्पट पेंढा लागतो. तू त्याच्या दारात उभी राहिलीस. आतलं सगळं बघितलंस. आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा पुरं वाक्य बोललीस: "हा घाणेरडा नाही गं. ह्याला झोप लागत नाही."

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. दाताळं उचललंस.

तो आपला झाला तो तिथून. निम्मा तुझा, निम्मा माझा. मागचा निम्मा तुझा, असं मी म्हणायचे, कारण काम सगळं तिकडचंच होतं.

तुझ्या वडिलांचा मिरजेत टांगा होता हे तू मला त्यानंतर सांगितलंस. घरामागे घोडा बांधलेला असायचा आणि त्याच्याखाली उसाचं पाचट घालायचं काम तुझ्याकडे. शाळेत जाण्याआधी. "हात कापायचे पाचटाने," म्हणायचीस, "पण वास छान यायचा." इथे पाचट कुठलं. तू हरियाणातून भाताचा पेंढा आणवलास. दिवाळीच्या सुमाराला ज्या पेंढ्याच्या धुराने आपण सगळे खोकत असतो, तोच. "जाळण्यापेक्षा चंदनखाली बरा," तुझं म्हणणं. तर तो पठ्ठ्या अंथरूणच खायला लागला. पोट दुखून लोळला तेव्हा डॉक्टर बोलवावे लागले. मग तू कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी पेंढ्यावर शिंपडायला लागलीस. पहिला घास घेऊन त्याने जे तोंड केलं ते आठवून आपण गाडीत घरी पोहोचेपर्यंत हसत होतो. तू हसत होतीस, शमीम. मी गाडी चालवताना तिरक्या नजरेने बघत होते, आणि म्हणाले काहीच नाही, मध्येच थांबशील म्हणून.

तुझं नि माझं खरं भांडण लागलं ते त्या धुक्यातल्या सकाळनंतर. आपण पोहोचलो तर रामअवतार धावत आला. चंदन लोळताना भिंतीला लागून अडकला होता. पाठ जमिनीकडे, चारही पाय भिंतीशी दुमडलेले, उठायला जागाच नाही. किती वेळ तसा पडला होता कोण जाणे. घामाने भिजलेला, डोळे पांढरे. मी दारातच गारठले. तू आत गेलीस, त्याच्या मानेवर गुडघा टेकवून बसलीस आणि डोळ्यांवर हात ठेवलास. "मधू, दोर आण. रामअवतार, नीचे वाले पैरों में डालो, पीछे से, लात मत खाना." आम्ही दोघांनी दोर ओढला. तू त्याच्याशी बोलत होतीस, मराठीत, अगदी हळू, झोपणाऱ्या मुलाशी बोलतात तसं. "झालं हं. आता झालं. वळायचं फक्त." तो वळला. तू बाजूला उडी मारलीस आणि तो धडपडत उभा राहिला, थरथरत. मग तू बाहेर आलीस, पाण्याच्या टाकीला धरून उभी राहिलीस आणि उलटी केलीस.

दुसऱ्या दिवसापासून तू भिंतींच्या कडेने पेंढ्याचे जाड बांध घालायला लागलीस, गुडघ्याएवढे. म्हणजे तो लोळला तरी भिंतीपर्यंत जाऊ नये. आणि खाली जाड थर, रंध्याच्या छिलप्यांचा, कीर्तिनगरच्या लाकूडबाजारातून पोत्यांनी आणलेल्या. त्यावर पेंढा. आणि तो थर हलवायचा नाही.

"खाली कुजेल," मी म्हणाले.

"कुजू दे. कुजतं म्हणूनच ऊब येते."

"त्याचे खूर सडतील, शमीम. अमोनियाने डोळे जातील."

"रोज वरचं ओलं काढलं तर नाही सडत. तुझी फरशी धुऊन ती दुपारपर्यंत वाळते का, ते सांग. डिसेंबरात? ओल्या विटांवर झोपव त्याला. तूही झोप."

असं हे कायम. मी इंटरनेटवरून काहीतरी शोधून तुला पाठवायचे, तू उत्तरादाखल चंदनच्या कोरड्या खुरांचे फोटो पाठवायचीस, कोपऱ्यात तुझा अंगठा आलेला. एका हिवाळ्यात त्याच्या मागच्या खुराच्या तळव्याला खरंच सड लागली तेव्हा मी चार दिवस तोंडावर विजय घेऊन फिरले. तू तो खूर रोज धुऊन, पुसून, औषध भरून बरा केलास आणि म्हणालीस, "हा त्रास पावसाळ्यातल्या चिखलाचा आहे." नव्हता. मी आजही सांगते, नव्हता.

मग गेल्या दसऱ्याच्या सुमारास तुझं पोट दुखायला लागलं, आणि तपासण्या झाल्या, आणि ते नाव कळलं.

तू ते मला तबेल्यात सांगितलंस, लीद भरता भरता, हवामान सांगावं तसं. मग म्हणालीस, "आता रडू नकोस, ढकलगाडी भरली आहे, आधी ती रिकामी करून ये." मी गेले. उकिरड्यापाशी उभी राहून रडले, रिकामी गाडी घेऊन परत आले. त्या फेरीबद्दल आपण पुढे कधीच बोललो नाही. पण तू मला ती फेरी मुद्दाम दिलीस, हे मला कळलं होतं.

डॉक्टरांनी केमो सुरू व्हायच्या आधीच बजावलं होतं: घोडा, लीद, धूळ, काही नाही. तरी दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी तबेल्यात आले तर तू आत. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, आणि छिलप्यांची पोती फोडून थर घालतेयस. माझं डोकंच फिरलं. मी दारातूनच ओरडले. रामअवतार बाजूला झाला. मी म्हणाले, तुला जगायचंय की नाही ते एकदा सांग, म्हणजे मी तुझ्या मागे धावणं थांबवीन. सनाला कळव, मग आम्ही दोघी मोकळ्या.

तू काम थांबवलं नाहीस. पोतं झटकलंस. म्हणालीस, "आज नाही घातला तर हिवाळाभर तू फरशी धुशील. तो थंडीत मरेल आणि तू न्यूमोनियाने."

"मी घातला असता. तू सांगितलं असतंस तर घातला असता."

"तू पातळ घालतेस," तू म्हणालीस.

मी रागाने आत शिरले आणि दुसरं पोतं फोडलं. तू मला ते पसरू दिलं नाहीस. बांध मी घातले, थर सगळा तू घातलास. मध्ये मध्ये भिंतीला टेकून थांबत होतीस. निघताना तू वाकून तळहाताने थर दाबून बघितलास, पोळीचं पीठ सैल झालं की घट्ट ते बघतात तसा, आणि म्हणालीस, "चलो. झालं एकदाचं." आतलं तुझं ते शेवटचं काम. त्यानंतर तू दोन-तीनदा आलीस ती फक्त दाराबाहेर उभी राहायला, चपात्यांचे तुकडे द्यायला आणि मला काठीने दाखवायला की तिकडे ओलं राहिलंय.

त्या भांडणाचा शेवट झालाच नाही. मी माफी मागितली नाही, आणि मागायची मला गरजही वाटत नाही. तू जायला नको होतंस आत. मी अजून तेच म्हणेन. फक्त कधी कधी वाटतं, तुला विचारायला हवं होतं की तू एवढी घाई का करत होतीस, तुला भीती वाटत होती का. आपण खुरांबद्दल जेवढं बोललो तेवढं त्याबद्दल नाही बोललो.

डिसेंबरात तू अंथरूण धरलंस. सना पुण्याहून आली ती नोकरीच्या सुट्ट्या संपवून राहिली. मी सकाळी चंदनचं करून, घरी अंघोळ करून, मग तुझ्याकडे. दार उघडलं की तुझा पहिला प्रश्न, "किती ओलं होतं?" सना हे ऐकून खोलीबाहेर जायची. मला ते दिसत होतं, तुलाही दिसत असणार.

त्या दुपारी सना औषध आणायला खाली गेली होती. तू डोळे मिटून पडली होतीस आणि अचानक म्हणालीस, "मधू, तू जरा बाहेर बस." मी का म्हणून विचारलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. मग मला वास आला.

मी कपाटातून चादर काढली, गरम पाणी आणलं. तुला एका कुशीवर वळवलं. तुझं वजन राहिलंच नव्हतं. तू डोळे घट्ट मिटून घेतले होतेस आणि पुटपुटत होतीस, "नको गं, सना येईल, ती करेल, नको, तू नको."

मी म्हणाले, "रोज सकाळी त्या चंदनचं काढते. तुझं काय एवढं."

तुझे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेयस. हसत होतीस. "तो निदान उभा राहतो," म्हणालीस. मग हसता हसताच रडलीस आणि मी तुला पुसत राहिले. खराब चादर गुंडाळत तुझ्या पाठीपर्यंत आणली, नवी अर्धी पसरली, तुला पलीकडे वळवलं, आणि नकळत तोंडातून निघालं, "झालं हं. वळायचं फक्त." तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. एवढं सरळ तू माझ्याकडे क्वचितच बघितलं असशील.

नवी चादर गार होती. तू शहारलीस. "खालचं राहू द्यायचं होतंस," म्हणालीस. "ऊब गेली."

"ओलं होतं गं."

"बरं," तू म्हणालीस. "मग काढ."

इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच माझं ऐकलंस. मला ते नको होतं, शमीम. मला वाटत होतं तू उठून बसावंस आणि म्हणावंस, तुला अक्कल नाही, खालच्या थराला हात लावायचा नसतो. मी तुझ्यावर दोन रजया घातल्या, पाय माझ्या मांडीवर घेऊन चोळत बसले. सना आली तेव्हा तू झोपली होतीस. तिने बदललेली चादर बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि औषधाची पिशवी खाली न ठेवता तशीच माझ्या शेजारी येऊन बसली.

तू गेलीस त्या दिवशी दिल्लीत सूर्य दिसलाच नाही. तुला न्यायला मिरजेहून तुझा भाऊ आला होता. आत बायका तुला अंघोळ घालत होत्या. सनाने मला हाताला धरून आत नेलं आणि दाराजवळ उभं केलं. पाणी कोमट आहे का, एवढंच मी विचारलं. आहे म्हणाल्या. मग तुला नेलं आणि आम्ही बायका घरी राहिलो.

संध्याकाळी तुझा भाऊ कब्रस्तानातून परत आला, चपलांना माती लागलेली. मी त्याला पाणी दिलं. तो शांत माणूस आहे, तुझ्यासारखीच भिवई. मला काय झालं कोण जाणे, मी त्याला विचारलं, "खाली काय घालतात?"

त्याला कळलं नाही. "कशाखाली, ताई?"

"तिच्या."

त्याने ग्लास खाली ठेवला. "काही नाही, ताई. माती असते."

मी मान हलवली. समजल्यासारखं केलं. मी समजू शकते, शमीम, जुनी रीत आहे, आणि माणूस मातीचाच. पण जानेवारीची माती कशी असते ते मला ठाऊक आहे. मी घरी गेले नाही. गाडी काढली आणि तबेल्यात गेले. रामअवतारने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. चंदन आडवा पडला होता, अर्थातच घाणीत, तुझ्या थरावर, पाय पोटाशी घेऊन. मी आत जाऊन त्याच्या पाठीला पाठ लावून बसले. तो उठला नाही. तबेल्यात मला आता मराठीत ऐकणारं कुणी नाही हे मला तिथे बसल्यावर कळलं, म्हणून मी मोठ्याने बोलले नाही.

सना जायच्या आदल्या दिवशी माझ्यासोबत आली. लहानपणी सोडून गेली ती त्यानंतर पहिल्यांदाच. दाराबाहेर हात बांधून उभी राहिली आणि त्याच्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, हिला आणायलाच नको होतं.

"मावशी," ती म्हणाली, "अम्मी माझ्यापेक्षा ह्याच्याशीच जास्त बोलायची ना?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. "हो. पण तुझ्याबद्दलच बोलायची. तू फोन उचलला नाहीस की ह्याला सांगायची. तुला बढती मिळाली तेही आधी ह्याला, मग मला."

"आणि आजारी पडल्यावर?"

"आजारी पडल्यावर म्हणायची, सनाला सांग ना काहीतरी, मला जमत नाहीये."

रामअवतारने चंदनला बाहेर काढून बांधलं होतं. मी दाताळं उचललं तर तिने ते माझ्या हातातून घेतलं. तिला येत नव्हतं. लीद उचलताना निम्मा चांगला पेंढा उचलत होती. मी दाखवलं, दाताळं तिरकं धर, हलकं झटक, पेंढा खाली पडतो आणि लीद वर राहते. ती शिकली. मधलं ओलं काढलं. मग ती जोरात खुपसायला लागली तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"खाली नको. तो थर तिने घातलाय. तुझ्या अम्मीने. दिवाळीनंतर, स्वतः."

सना थांबली. दाताळं भिंतीला लावून ठेवलं, गुडघ्यावर बसली आणि पेंढा बाजूला सारून आत हात घातला. कोपरापर्यंत. बाहेर धुकं होतं, तोंडातून वाफ निघत होती.

"गरम आहे," ती म्हणाली.

"हो."

"मावशी, हे खरंच गरम आहे."

मी तिच्या शेजारी बसले आणि हात घातला. इतक्या हिवाळ्यांत मी कधीच घातला नव्हता. आंबूस, ओलसर वास, आणि आत ऊब, एखाद्या मोठ्या प्राण्याच्या पोटाशी हात लावावा तशी. तू चुकीची नव्हतीस. भिंतीकडचा एक कोपरा काळा पडला होता, तो मी तुला दाखवलाच असता. पण तू चुकीची नव्हतीस. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आणि सना त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडली. तुझ्या घरात, एवढ्या माणसांत रडली नव्हती.

काल पुण्याहून तिचा फोन आला. नोकरीवर रुजू झाली आहे. जेवते की नाही ते विचारलं, म्हणाली जेवते. मग म्हणाली, "मावशी, ते होळीनंतर काढावंच लागतं का?"

मी म्हटलं, "लागतं. उन्हं तापली की त्याला सोसवणार नाही."

"मग मी येते. एकट्याने काढू नका."

मी हो म्हटलं. म्हणजे आता ठरलं आहे. तोवर मी रोज वरवरचं काढते, तू शिकवलंस तसं, आणि वर कोरडं पसरते. तुझं काही हलू देत नाही. पण आज तबेल्यात ऊन पडलं होतं. चंदन पाठ तापवत उभा होता, आणि रामअवतार स्वेटर काढत म्हणाला, "अब तो दीदी, सर्दी गई समझो." सगळे खूश होते. दिल्लीत जन्मले, आणि दर वर्षी ही थंडी कधी सरते म्हणून वाट बघत आले आहे. यंदा ती लांबावी असं वाटतंय, शमीम. अजून थोडी तरी लांबावी.

तुझी,
मधू